आमचे दोन डबे आणि फुरसुंगीची विहीर

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रस्ताव आला. एक खासगी एजन्सी रात्री दहानंतर दाराबाहेर ठेवलेली काळी पिशवी पहाटेपूर्वी उचलून नेणार. ओला-सुका वेगळा करायचा नाही, डबे धुवायचे नाहीत, सकाळी कुणाची बेल वाजणार नाही. महिन्याचे पैसे थोडे जास्त, पण कटकट शून्य. बऱ्याच जणांनी लगेच अंगठे उमटवले. मी सोसायटीची सचिव आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हे काम माझ्याकडे आलं आणि ते मी मनापासून करते. प्रस्ताव सभेपुढे ठेवला, माझा विरोध स्पष्ट सांगितला, मतदान घेतलं आणि थोड्या मतांनी तो पडला.

पण त्या सभेत वरच्या मजल्यावरच्या एका तरुण शेजाऱ्याने मला एक प्रश्न विचारला होता. "काकू, आपण टॅक्स भरतो, वर महिन्याचे पैसे देतो. मग कचऱ्याचं पुढे काय होतं ते बघणं आपलं काम कसं काय?" तो भांडायला उठला नव्हता. दोघं नवरा-बायको नोकरीला, घरात वर्षाचं बाळ, सकाळी श्वास घ्यायला फुरसत नाही. त्याला खरंच उत्तर हवं होतं. सभेत ते पाच मिनिटांत देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आम्ही पुण्यात कोथरूडला राहायला आलो तेव्हा पौड रस्त्याच्या टोकाला शहराचा कचरा डेपो होता. वारा पडला की वास कुठवर येतो हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. पुढे वस्ती वाढली, जमिनीचे भाव वाढले, आंदोलनं झाली आणि नव्वदच्या दशकात डेपो इथून हलला. आज त्याच जागेवर मेट्रोचा कार डेपो आहे, शेजारी वनाजचं स्टेशन. बसथांब्याला मात्र लोक अजून 'कचरा डेपो' म्हणतात. ती जागा मोकळी झाली याचा मला आनंदच आहे. पण डेपो हलला म्हणजे कचरा संपला नव्हता. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, सासवडच्या वाटेवर, उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांच्या हद्दीत गेला. तिथे शहराने हळूहळू १६३ एकर जमीन कचऱ्याखाली घातली.

बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवर फुरसुंगीचे एक सहकारी होते. शेतकरी घरातला माणूस, घरची विहीर, बागायत. त्यांच्या घरच्या लग्नाला आम्ही काही जण गेलो होतो. मांडव सुरेख होता, पाहुणचारात काही कमी नव्हतं. पण पानावर बसल्यावर एका हाताने जेवायचं आणि दुसऱ्या हाताने माश्या वारायच्या, अशी गत. स्वयंपाकाला आणि प्यायला टँकर आणला होता. मी विचारलं, घरची विहीर असताना टँकर कशाला? त्यांनी मला मागच्या बाजूला नेऊन विहीर दाखवली. पाणी भरपूर होतं. रंग चहासारखा. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडचा डेपो बंद झाला तेव्हा तिकडे लोकांनी पेढे वाटले असतील. इकडे आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही." मी काही बोलू शकले नाही. आजही ते वाक्य आठवलं की बोलता येत नाही.

ते पाणी तसं का झालं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळ्या प्रश्नाची मेख तिथेच आहे. आपल्या घरातला निम्म्याहून जास्त कचरा ओला असतो: भाजीची देठं, फळांच्या साली, उरलेलं अन्न, चहाचा चोथा. तो मोकळ्या हवेत पाल्यात मिसळून ठेवला तर त्याची माती होते. पण तोच प्लास्टिकमध्ये गाठ मारून, शेकडो टनांच्या ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. मग तो सडतो आणि त्यातून मिथेन वायू सुटतो. तो पेट घेतो, म्हणून डेपोला उन्हाळ्यात आगी लागतात आणि दिवसेंदिवस धुमसतात. दुसरीकडे त्याच ढिगातून काळं पाणी झिरपतं. वाटेत बॅटरीचे सेल, रंगाचे डबे, औषधं, ट्यूबलाइट जे काही भेटेल त्याचा अंश घेऊन ते जमिनीत उतरतं. ते विहिरीत पोचायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणजे काळ्या पिशवीत एकत्र बांधलेली भाजीची देठं आणि दुधाची पिशवी या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिल्या असत्या तर उपयोगी पडल्या असत्या. एकत्र बांधल्या की दोन्ही विष होतात. माझ्या तरुण शेजाऱ्याला माझं पहिलं उत्तर हे आहे. पैसे घेऊन कुणीही ती पिशवी उचलेल, पण एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करणं जवळपास अशक्य असतं. भिजलेला कागद कागद राहत नाही. ते वेगळं करण्याची एकच सोपी जागा आहे आणि ती आपल्या स्वयंपाकघरातल्या सिंकच्या बाजूला आहे.

२०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला मोठी आग लागली आणि फुरसुंगी-उरुळीच्या लोकांनी गाड्या अडवल्या. तीन आठवड्यांहून जास्त काळ शहराचा कचरा तिकडे जाऊ शकला नाही. पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग लागले. कंटेनर ओसंडून वाहत होते, कुत्री आणि डुकरं त्यात तोंड घालत होती. वर्तमानपत्रांत 'कचराकोंडी' हा मथळा रोजचा झाला. आमच्या भागात तेव्हा काही जण गावकऱ्यांना नावं ठेवत होते. शहराला वेठीला धरलं म्हणे. मला त्या बोलण्याचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. पंचवीस वर्षं आपला उकिरडा दुसऱ्याच्या दारात ठेवायचा आणि त्याने तीन आठवडे दार लावलं तर तोच गुन्हेगार? त्याच वर्षी ही दोन्ही गावं महापालिकेत घेतली. नंतर पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. हद्दीच्या रेषा पुढे-मागे झाल्या. जुन्या ढिगाचं उत्खनन करून तो कमी करायचं काम, ज्याला बायोमायनिंग म्हणतात, हरित लवादाच्या आदेशांनंतर सुरू झालं. ते काम खरंच मोठं आहे, पण एका बाजूने उपसायचं आणि दुसऱ्या बाजूने शहराने नवा कचरा तयार करत राहायचं, याला अंत नाही. पुण्यात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो.

त्या तीन आठवड्यांत आमच्या सोसायटीच्या दारात ढीग लागला नाही. याचं कारण रोज सकाळी आमचा कचरा न्यायला येणाऱ्या ताई.

ताई मूळच्या मराठवाड्यातल्या. त्यांची सासू बहात्तरच्या दुष्काळात पोरं घेऊन पुण्यात आली. आधी खडी फोडली, मग कागद-काच वेचायला लागली. शहरातल्या बहुतेक कचरावेचकांची गोष्ट अशीच आहे. दहात नऊ बायका, बहुसंख्य दलित, गावात जमीन नाही, शहरात कुणी काम देत नाही. पाठीवर पोतं टाकून पहाटे निघायचं आणि कंटेनरमध्ये उतरून हाताने उपसायचं. वर पोलिसांचा संशय आणि लोकांच्या शिव्या. एक रुपयाही न घेता या बायका शहराचा हजारो किलो कागद, काच, पत्रा आणि प्लास्टिक डेपोत जाण्यापासून वाचवत होत्या, आणि शहर त्यांना चोर समजत होतं.

हे बदललं ते त्यांच्या संघटनेमुळे. नव्वदच्या सुरुवातीला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कार्यक्रमातल्या कार्यकर्त्या या बायकांबरोबर काम करू लागल्या. बायका म्हणाल्या, आम्हाला कंटेनरमध्ये उतरायला लावू नका, घराघरांतून सुका माल वेगळा मिळाला तर आमचे हात स्वच्छ राहतील आणि मालाला भावही येईल. मे १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने मेळावा झाला आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. हमालांची संघटना बांधलेल्या माणसाने आता कचरा वेचणाऱ्या बायकांना सांगितलं की तुम्ही कष्टकरी आहात, तुमच्या कामाला नाव आहे. काही वर्षांतच महापालिकेने त्यांची ओळखपत्रं मान्य केली. असं करणारी ती देशातली पहिली महापालिका. ताईंच्या सासूबाई ते ओळखपत्र पदराच्या गाठीत बांधून ठेवायच्या. पोलिसाने अडवलं की दाखवायच्या. २००२-०३ पासून या सभासदांना महापालिकेच्या खर्चाने आरोग्यविमाही मिळू लागला.

मग २००० सालच्या घनकचरा नियमांनी घरोघरी जाऊन कचरा गोळा करणं महापालिकांवर बंधनकारक केलं. बऱ्याच शहरांनी सरळ निविदा काढल्या, गाड्या आणल्या आणि कंत्राटदार नेमले. पुण्यात पंचायतीने वेगळा आग्रह धरला: घरोघरी जाण्याचं काम ज्या बायका आधीपासून कचऱ्यावर जगत आहेत त्यांनाच द्या. आधी प्रयोग झाला, मग 'स्वच्छ' ही सहकारी संस्था नोंदवली गेली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. साडेतीन हजारांहून जास्त कचरावेचक तिचे सभासद आहेत आणि मालकही तेच. घरटी महिन्याचं शुल्क थेट त्या बाईच्या हातात जातं, शिवाय सुका माल विकून येणारे पैसे तिचे. आमच्याकडे हे शुल्क एका थाळीच्या किमतीपेक्षाही कमी आहे. तरीही दर महिन्याला ते देताना दोन-तीन घरं दार उघडत नाहीत, हे सचिव म्हणून मला लिहावंच लागेल.

या रचनेतली एक गोष्ट मला बँकेतल्या नोकरीमुळे चटकन कळली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. पैसे कशाचे मिळतात ते बघा. कंत्राटदाराच्या गाडीला बहुतेक ठिकाणी टनामागे पैसे मिळतात. जितकं वजन जास्त तितकं बिल मोठं. ओला कचरा भिजून जड झाला, त्यात माती-राडारोडा मिसळला, तर कंत्राटदाराचं काही बिघडत नाही, उलट फायदाच होतो. सहकारी संस्थेतल्या बाईचं उत्पन्न नेमकं उलट दिशेने वाढतं. तिला माल वेगळा आणि कोरडा मिळाला तरच चार पैसे जास्त मिळतात. कचरा कमी झाला तर तिची ढकलगाडी हलकी होते, पण शुल्क तेवढंच राहतं. म्हणजे शहराचं हित आणि त्या बाईचं हित एकाच बाजूला आहे. अशी व्यवस्था सहजासहजी जमून येत नाही, आणि ती आपल्याकडे आहे. म्हणून दर वेळी करार संपायला आला की मुदतवाढ मिळणार की खासगी गाड्या येणार, या टांगत्या तलवारीखाली या बायकांना ठेवलं जातं, त्याची मला चीड येते. वर्षानुवर्षं हे काम केलेल्या माणसांना पुढच्या वर्षीचं काम आहे की नाही हे माहीत नसावं?

शिवाय या कामात ज्ञान आहे. आमच्या ताई पिशवी हातात घेऊन चुरगाळतात आणि आवाजावरून सांगतात ती कुठल्या मालात जाईल. दुधाच्या पिशवीचा भाव वेगळा, कडक डब्याचा वेगळा, पाण्याच्या बाटलीचा वेगळा. झाकण आणि बाटली एका जातीचं प्लास्टिक नसतं, हे मला त्यांनी शिकवलं. पांढरा कागद, रद्दी आणि पुठ्ठा यांचे तीन ढीग. कच्च्या तेलाचे भाव जगात कुठेतरी उतरले की नवं प्लास्टिक स्वस्त होतं आणि भंगाराच्या दुकानात जुन्या प्लास्टिकचा भाव पडतो. हे त्या पेपर न वाचता ओळखतात, कारण त्याच कष्टाच्या पोत्याला त्या दिवशी कमी पैसे येतात. वेफर आणि बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांना मात्र बहुतेक दुकानदार हातही लावत नाहीत. त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. "हे समदं फुकाट वाहतो आमी," असं त्या एकदा म्हणाल्या. "वजन न्हाई, भाव न्हाई, पर पोतं भरून जातं." कायद्यात अशी वेष्टनं बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर जबाबदारी टाकलेली आहे. त्या जबाबदारीचा पैसा पोतं वाहणाऱ्या बाईपर्यंत पोचेल तेव्हा मी ती पूर्ण झाली असं मानेन.

आता डायपर आणि सॅनिटरी पॅडबद्दल. हे मी मुद्दाम उघडपणे लिहिते आहे, कारण सभेत यावर कुणी बोलत नाही आणि पुरुष मंडळी मोबाइलमध्ये बघायला लागतात. २०१६ च्या नियमांनी हा कचरा वेगळा गुंडाळून द्यायला सांगितलं आणि त्यासाठी पिशवी पुरवणं ही उत्पादकांची जबाबदारी ठरवली. 'स्वच्छ'ने लोकांना एक साधी सवय लावायचा प्रयत्न केला: वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. म्हणजे वर्गीकरण करणारीला उघडून बघावं लागत नाही. इतकंच मागणं आहे. तरीही आमच्या वीस-बावीस शिकलेल्या घरांत हे पूर्णपणे रुजायला फार वेळ लागला. ताई एकदा गेटजवळ बसून माल निवडत होत्या. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी हात मागे घेतला. "नको काकू, हात घाण झालेत. उघडंच टाकतेत वो लोकं." आपल्या बाळाचं डायपर दुसऱ्याच्या आईच्या हातात उघडं पडतं, हे मी त्याच दिवशी नोटीस बोर्डवर अगदी याच शब्दांत लिहिलं. काही जणांना ते झोंबलं. लाल पेन मी लिफ्टजवळ दोरीला बांधून ठेवलं आहे आणि त्याची शाई संपते, म्हणजे ते वापरलं जातं.

ओल्या कचऱ्याचं आमचं खत इमारतीच्या मागेच होतं. दोन विटांचे हौद, बाजूच्या भिंतींत हवेसाठी भोकं, वर पत्रा. एक भरत असतो तेव्हा दुसरा पिकत असतो. लोकांना वासाची आणि किड्यांची भीती वाटते, पण वास कुजण्याचा नसतो, हवा न मिळण्याचा असतो. ओल्याच्या प्रत्येक थरावर सुक्या पाल्याचा जाड थर टाकला, आठवड्यातून दोनदा खालीवर केलं आणि पावसाळ्यात पाणी आत जाऊ दिलं नाही की वास येत नाही. आंबट ताक शिंपडलं तर काम लवकर सुरू होतं. हौदात हात घातला तर आतून गरम लागतं. साधारण दीड-दोन महिन्यांत खाली काळी भुसभुशीत माती तयार होते, जिला पहिल्या पावसाचा वास असतो. आमच्या आवारातल्या सोनमोहोराचा आणि बदामाचा पाला पूर्वी फेब्रुवारी-मार्चमध्ये जाळला जायचा आणि सगळ्यांचे घसे धरायचे. आता तो पोत्यांत भरून वर्षभर पुरवून वापरतो. उरला तर पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम आहे, त्यात पाला असलेले आणि पाला हवा असलेले एकमेकांना गाठतात. महापालिका गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं किंवा सौरऊर्जा करणाऱ्यांना मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देते. आम्ही ती घेतो. बऱ्याच सोसायट्यांमध्ये मात्र बिल्डरने बांधून दिलेले खड्डे परवानगीपुरते असतात. नंतर त्यात मोडके पाइप आणि जुन्या सायकली सापडतात. सवलत चालू, खत बंद. पालिकेने असे खड्डे वर्षातून एकदा तरी उघडून बघावेत, आणि बंद असतील तर सवलत काढून घ्यावी.

२०१७ मध्ये आमच्या दारात ढीग का लागला नाही, ते आता लक्षात आलं असेल. ओला कचरा मागच्या हौदात, सुका ताईंच्या पोत्यात. डेपोपर्यंत जायला उरतच होतं मूठभर.

इंदूरचं उदाहरण माझ्यासमोर नेहमी ठेवलं जातं, कारण माझी मावसबहीण तिथे असते आणि त्या शहराबद्दल तिला अतोनात अभिमान आहे. रास्तच आहे. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं, वेगवेगळ्या कप्प्यांच्या गाड्या दारोदार येतात आणि लोक शिस्तीने कचरा वेगळा देतात. ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा मोठा प्रकल्पही तिथे आहे. त्यांची शिस्त आणि पालिकेचा धाक आपण घ्यावा असं मला मनापासून वाटतं. मात्र सगळं काही गाडीने आणि मोठ्या प्रकल्पानेच होतं, हा निष्कर्ष मला पटत नाही. पुण्यातही ओल्या कचऱ्याचे छोटे-छोटे बायोगॅस प्रकल्प उभारले गेले आणि त्यांतले कित्येक नीट चाललेच नाहीत. एक मोठं कारण म्हणजे त्यांना मिळणारा कचरा मिसळलेला होता. यंत्रात नारळाची करवंटी, प्लास्टिक आणि काचेचे तुकडे गेले की यंत्र बंद पडणारच. प्रकल्प कितीही कोटींचा असो, त्याचं पोट आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यावर अवलंबून आहे. आणि मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जात आला. दुसरीकडे नेऊन टाकण्याचा मार्ग पुढे कुठे जातो हे बघायचं असेल तर २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या आगीचा धूर ज्यांनी श्वासात घेतला त्यांना विचारावं.

माझा तरुण शेजारी म्हणेल, काकू, हे सगळं ठीक, पण माझ्या सकाळचं काय? त्यावरही आम्ही बोललो. त्याच्या घरी आता दोन डबे आणि डायपरसाठी झाकणाची तिसरी छोटी बादली आहे. ती त्याच्या बायकोने निवडली. दारावर बेल वाजायला नको म्हणून ताई त्याच्या मजल्यावर ठरलेल्या जागेवरून डबे उचलतात आणि रिकामे परत ठेवतात. एवढ्यावर त्याची अडचण सुटली. काळ्या पिशवीची गरज त्याला सोयीसाठी वाटत होती आणि सोय दुसऱ्या रीतीने करता आली.

ताईंची सोय मात्र अजून झालेली नाही. ती तर शहराला सुचतच नाही. उचललेला माल त्या कुठे निवडतात? रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला, जिथे हुसकावलं जाणार नाही तिथे. पावसात पुठ्ठा भिजला की त्याचा भाव जातो. हात धुवायला नळ नाही, बसायला कोरडी जागा नाही. शौचालय तर दूरच. ढकलगाडीचं चाक मोडलं तर दुरुस्ती होईपर्यंत पोतं डोक्यावर. प्रभागात उद्यानाला जागा मिळते, नगरसेवकाच्या कार्यालयाला मिळते, मग प्रत्येक प्रभागात वर्गीकरणाची एक शेड का मिळू नये? यासाठी मी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला आहे आणि आसपासच्या सोसायट्यांच्या सह्या जोडल्या आहेत. उत्तर येईल तेव्हा येईल.

दरम्यान आमच्या आवारात, गेटच्या उजवीकडे जिथे जुनी पंपरूम होती, ती जागा ताईंना आणि त्यांच्याबरोबर शेजारच्या दोन इमारती करणाऱ्या दुसऱ्या बाईंना द्यायचं ठरलं आहे. छप्पर चांगलं आहे, गिलावा करायला हवा. आत एक नळ आणि बसायला कडप्प्याचा ओटा टाकायचा, दाराला कुलूप लावून किल्ली त्यांच्याकडे ठेवायची. गेटजवळ कचरा दिसेल म्हणून दोन सभासदांनी हरकत घेतली आहे. त्यांना मी सकाळी येऊन बघायला बोलावलं आहे, कारण माल निवडून अकराच्या आत जागा धुतली जाते. खर्च दुरुस्ती निधीतून होईल आणि प्लंबर सोमवारी येतो आहे. ओट्याची उंची किती हवी हे ताईच ठरवणार, कारण गुडघे त्यांचे दुखतात.